टनेल मंद होते, दोष लाइनचा नव्हता: माझा अनुभव

अंबडच्या आमच्या ऑफिसातून निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पॅकहाउसपर्यंत आयपीसेक टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या एन्क्रिप्टेड वाटा आहेत. प्रत्येक शेडला, कोल्ड स्टोरेजला, वजनकाट्याला वेगळं सबनेट (नेटवर्क पत्त्यांचा गट), त्यामुळे गेटवेवर, म्हणजे टनेल सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, हजारांवर पॉलिसी (कोणत्या पत्त्यांमधला डेटा टनेलमधून कसा जायचा याचे नियम). हा सर्व्हर लिनक्सच्या सेंटॉस 7 वरून डेबियन 10 वर नेला आणि द्राक्षांच्या ऐन हंगामात सगळं रखडायला लागलं. पर्फ टॉप (प्रोसेसरचा वेळ कुठल्या फंक्शनात जातो ते दाखवणारं साधन) लावल्यावर कारण लगेच दिसलं: एन्क्रिप्शन खाली, पॉलिसी शोधणारं फंक्शन सगळ्यात वर. उपाय होता नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा नवा गाभा.

अडलं ते परवानगीत. मुख्य कार्यालयाच्या फॉर्ममध्ये कारणाचे पर्याय तीनच: लाइन, हार्डवेअर, अ‍ॅप्लिकेशन. कर्नल नाहीच. ‘हार्डवेअर’ निवडलं, तर नव्या मशीनचं कोटेशन मागितलं. ‘लाइन’ निवडलं, तर इंटरनेटवाल्याचा अहवाल हवा. तो आला, लाइन स्वच्छ निघाली, म्हणून अर्ज बंद! इकडे ट्रक दारात उभे आणि पॅकहाउसचे फोन मला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मी फॉर्म बाजूला ठेवून साध्या मराठीत एक पानभर लिहिलं. कर्नलच्या 4.14 आवृत्तीत फ्लो कॅशे (आधी शोधलेल्या पॉलिसी लक्षात ठेवणारी जागा) काढून टाकली. सेंटॉस 7 च्या 3.10 मध्ये ती होती, म्हणून तिथे त्रास जाणवत नव्हता. डेबियन 10 च्या 4.19 मध्ये ती नाही, आणि सबनेटच्या पॉलिसी एकामागून एक तपासल्या जातात, म्हणजे दुकानदारानं एका नावासाठी उधारीची अख्खी वही पहिल्या पानापासून चाळावी तसं. 5.0 पासून त्या पत्त्यांनुसार ट्री रचनेत ठेवल्या जातात, म्हणून अख्खी यादी चाळावी लागत नाही. डेबियन 11 मध्ये 5.10 आहे. सोबत पर्फचा स्क्रीनशॉट जोडला. तिथल्या एका मॅडमनी तो वाचला, फोनवर दोनच प्रश्न विचारले आणि सही केली. फार हायसं वाटलं. अपग्रेड एका रात्रीत झालं आणि पर्फच्या यादीत ते फंक्शन खाली गेलं.

तुमची परवानगी अडली असेल, तर आधीच सांगायला हवं होतं ते आता सांगतो: जुन्या कर्नलवरही ‘आयपी एक्सएफआरएम पॉलिसी सेट’ (ip xfrm policy set) या कमांडला एचथ्रेश4 (hthresh4) चा पर्याय आहे; कुठल्या पॉलिसी हॅश टेबलात, म्हणजे थेट शोधता येणाऱ्या तक्त्यात जाव्यात ते तो ठरवतो. मूळ मर्यादा 32-32, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेकच पत्ता, अशी असते, म्हणून /24 च्या (256 पत्त्यांच्या सबनेटच्या) पॉलिसी हॅश टेबलात जातच नाहीत. दोन्ही बाजूंची सबनेट /24 असतील तर 24 24 द्या. रीबूटनंतर हे सेटिंग उडतं, तेव्हा स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका. आणि पर्फचा स्क्रीनशॉट अपग्रेडच्या आधीच काढून ठेवा, नंतर तो मिळत नाही.