आडवी रेघ

थंडी पडली की आमच्या खानदेशात भरिताची पार्टी शेतातच करायची असते. यंदा यावलकडच्या एका मित्राच्या मळ्यात जमलो होतो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर बामणोदची हिरवी वांगी टाकली होती आणि आम्ही चौघं डोळे चोळत धूर खात होतो. चौघंही संगणकावर पोट भरणारे. त्यातल्या एकाने भाबडेपणाने विचारलं, "माझ्या लिनक्सवर टार चालेना भो, काय करू?" लिनक्स म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली, आणि टार म्हणजे बऱ्याच फाईली एकाच फाईलमध्ये बांधणारा तिच्यातला प्रोग्रॅम.

"लिनक्स नाही, ग्नू-लिनक्स म्हण," दुसरा म्हणाला.

झालं! रिचर्ड स्टॉलमनने ग्नू ही मुक्त प्रणाली जाहीर केली १९८३ मध्ये, लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा नुसता गाभा, आलं १९९१ मध्ये, मग सगळं श्रेय धाकट्याच्याच नावावर का? ही वाटणी मिटेपर्यंत दोन वांगी एका अंगाने करपली.

"अरे, माझं ऐका ना. म्हणतंय, फोटो-डॉट-टार नावाची फाईलच नाही. तीच तर मला तयार करायचीय! आणि फोल्डरमध्ये व्ही नावाची भलतीच फाईल येऊन बसलीय."

"फोल्डर नाही, डिरेक्टरी."

"तू कमांडमधल्या अक्षरांआधी डॅश दिलास का? टारला डॅश लागत नाही."

"डॅश नाही रे, हायफन."

इथे मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. वर्डमध्ये जपून ठेवलेली एक कमांड चिकटवून मी एकदा अर्धा दिवस घालवला होता. वर्डने शेजारशेजारच्या दोन हायफनांचा परस्पर एक लांब, देखणा डॅश करून ठेवला होता. दिसायला दोन्ही आडव्या रेघाच, पण यंत्राला त्यातली एकच कळते. तेव्हापासून हायफनवाल्यांना मी नावं ठेवत नाही. ग्नूवाल्यांना अजून ठेवतो, कारण तुम्ही काहीही म्हणा, यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं.

आणि घोळ खरंच त्या रेघेत होता. टार १९७९ च्या युनिक्स या जुन्या प्रणालीपासूनचं, जुन्या वळणाचं. त्याला सी म्हणजे 'बांध', एफ म्हणजे 'या नावाच्या फाईलमध्ये' आणि व्ही म्हणजे 'काय करतोस ते दाखव'. रेघ न देता सी, एफ, व्ही लिहिलं तर अक्षरांचा क्रम ते मनावर घेत नाही. रेघ दिली की मात्र एफला चिकटून जे येईल तेच फाईलचं नाव. पठ्ठ्याने रेघ देऊन एफनंतर व्ही लिहिला होता. टारने इमानदारीत 'व्ही' नावाची फाईल बांधली आणि फोटो-डॉट-टारला आत भरायचा माल समजून शोधत बसलं.

"म्हणजे नुसता एफ शेवटी टाकायचा?" तो म्हणाला. "मग हे आधी का नाही सांगितलं?"

आधी कसं सांगणार? आधी ग्नू होतं.

तेवढ्यात मित्राची आई कळण्याच्या भाकरी घेऊन बांधावरून आली. "काकू, वांगी झाली, आता भरीत बनवतो," मी म्हणालो.

"बनवतात काय रे? भरीत ठेचतात."

चौघांपैकी एकानेही वाद घातला नाही.