तुम्ही विचारलंत म्हणून: शौकासाठी पहिलं पिस्तूल, कमी पैशात

मी शूटिंगला जाते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगला, परवा तर लग्नात पंगतीला बसल्या बसल्या, "अगं मग स्वस्तातलं एखादं छोटं पिस्तूल सांग ना, मॅचबिच काही नाही, नुसतं शौक म्हणून टार्गेटवर मारायला." 2024 ला आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ जिंकलं तेव्हापासून हे फारच वाढलंय. त्याची रायफल होती, पिस्तुलाचं ब्राँझ मनू भाकरचं, पण घरोघरी टीव्हीवर दोन्ही बघितलेलं असतं आणि मुलं मागे लागलेली असतात.

पॉइंट टू-टूचं, म्हणजे खऱ्या गोळीच्या छोट्या पिस्तुलाचं, आधी सांगते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्सला 25 मीटरमध्ये गोल्ड मारलं ते त्या पिस्तुलानं, त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात तेच असतं. पण त्याला लायसन्स लागतं, गोळ्या त्या लायसन्सवरच मिळतात, आणि नुसत्या शौकासाठी एवढं सगळं करण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एअर पिस्तूल घ्या, हवेच्या दाबानं पेलेट म्हणजे शिशाचा छोटा दाणा मारणारं. नळीचं भोक पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच, म्हणजे 4.5 मिलीमीटर, आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, दुकानदार आधार-पॅन मागतो तेवढं द्यायचं. 10 मीटरच्या मॅचचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला साधारण 150 मीटरनं फेकतं, म्हणजे ताकद जेमतेम सहा ज्यूल. तरी डोळा जायला तेवढी पुरते, म्हणून रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं आणि नळी कायम टार्गेटकडे, हे घरातल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगायचं.

आता कोणतं घ्यायचं. माझं पहिलं मी ऑनलाइन मागवलं होतं, नळी मोडून भरायचं स्प्रिंगवालं, किंमत बघून भुलले. तीन महिने मारलं. एक शॉट वर, एक डावीकडे, एक टार्गेटच्याही बाहेर, आणि मला वाटायचं आपला हातच हलतोय, वय झालं, जमणार नाही. मग रेंजवर सरांनी क्लबचं एक जुनं पिस्तूल हातात दिलं, म्हणाले दहा मारा. टार्गेटचं काळं साधारण सहा सेंटीमीटरचं असतं, दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलीमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. दहाच्या दहा काळ्यात! दहावर एकच होता, पण सगळे काळ्यात, आणि मला तिथेच भरून आलं, कारण तीन महिने मी ज्याला माझी चूक समजत होते त्यातली निम्मी त्या स्प्रिंगची होती. स्प्रिंगचं पिस्तूल पेलेट नळीत असतानाच पुढे-मागे झटका देतं, ते सांभाळायला मुरलेला हात लागतो, नवशिक्याचं काम नाही ते.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. शॉट चुकला तर तो माझ्यामुळे चुकला की पिस्तुलामुळे हे कळलं पाहिजे, ते कळत नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी महागच पडलं.

कमी पैशात हे कळायचं तर सिंगल स्ट्रोक बघा. लिव्हर एकदाच ओढायची, तेवढ्यात हवा भरते, दर वेळी सारखीच भरते, झटका जवळजवळ नाही, सिलेंडर नाही, पंप नाही. रशियाचं बायकल 46 एम हे त्यातलं जुनं जाणतं नाव, क्लबांमध्ये अजून दिसतं, मात्र लिव्हर जड आहे, बारा-तेरा वर्षांच्या पोराला साठ वेळा ओढायला लावू नका. त्याहून स्वस्तात वायरॉखचं एचडब्ल्यू 40 आहे, शौकासाठी पुष्कळ झालं. आणि ती ग्लॉक या खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी, छर्रे मारणारी सीओटू गॅसची पिस्तुलं अजिबात नको, लोखंडी छर्रा कडक वस्तूवर आपटून उलटा आपल्याच अंगावर येतो, बऱ्याच रेंजवर चालत नाही, शिवाय रस्त्यात कुणी खरं समजलं तर केवढा घोळ.

दुसरा रस्ता सेकंडहँड मॅच पिस्तुलाचा. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, नवीन घ्यायला गेलं तर लाखांच्या घरात जातं, पण शूटर लोक मॉडेल बदलत असतात आणि जुनं बऱ्याच कमीत सुटतं. यांची हवा सिलेंडरमध्ये भरलेली असते, म्हणून घेताना सिलेंडरवरची तारीख वाचा, आयुष्य दहाच वर्षांचं असतं, संपत आलं असेल तर नव्या सिलेंडरचे पैसे किमतीतून कापून मागा. संध्याकाळी 200 बार दाबाला भरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी काटा बराच खाली आला असेल तर सील गेलंय. ट्रिगर वजन लावून तपासा, मॅचच्या नियमानं 500 ग्रॅम तरी उचलला पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे सुटतो ते बोटाला दर वेळी सारखं जाणवलं पाहिजे.

ग्रिपवर, म्हणजे मुठीवर, मी जरा जास्तच बोलते, माफ करा, पण अर्धा खेळ तिथेच आहे. माझ्या आताच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप अंगठ्याखाली पोकळ लागायची, तिथे सुताराकडची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ओली असतानाच हात घट्ट धरून ठसा घेतला, वाळल्यावर कानस आणि पॉलिश पेपरनं रोज थोडं थोडं घासलं, दोन आठवडे गेले. आता डोळे मिटून हात उचलला आणि उघडले की नेम धरायची पुढची साइट मागच्या खाचेत बरोबर मधोमध उभी असते. तसं होत नसेल तर ग्रिप तुमची नाही.

बजेट ठरवताना पेलेट धरा बरं का, आठवड्यातून तीनदा साठ-साठ मारले तर 500 चा डबा तीन आठवडेही पुरत नाही. ते शिशाचे असतात, मारून झालं की साबणानं हात धुवून मगच जेवणाचा डबा उघडायचा, पोरांना हे आवर्जून सांगा.

आणि घ्यायच्या आधी दोन महिने क्लबचंच वापरा. माझा भाचा मीडियम ग्रिपचं ऑर्डर करायलाच बसला होता, मी हट्टानं थांबवलं, क्लबमध्ये तिन्ही साइज धरून बघायला लावल्या, तर त्याच्या हाताला स्मॉल बसली.