तोकोनाओ: पाळीच्या पाण्यावरचं गाव

आम्ही राहतो त्या कलामाहून सान पेद्रो गाठायचं आणि तिथून आणखी अडतीस किलोमीटर दक्षिणेला गेलं की तोकोनाओ लागतं. चिलीच्या आताकामा वाळवंटातलं, जवळजवळ २५०० मीटर उंचीवरचं गाव. हवा अशी की धुतलेली जीन्स बघता बघता कडकडीत वाळते आणि ओठांना व्हॅसलीन लावल्याशिवाय हसायची सोय नाही.

पर्यटक चौकातल्या घंटाघराचा फोटो काढतात आणि फ्लेमिंगो बघायला पळतात. घंटाघर १७५० सालचं, चर्चपासून सुटं उभं. त्याचं दार मात्र जवळून बघा. निवडुंगाच्या लाकडाचं आहे. फळ्यांना लांबट भोकं आहेत, कुणी कोरलेली नव्हेत, झाडाचीच. भिंती लिपारिता या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाच्या. गावातली जुनी घरंही त्याचीच. ज्वालामुखी इथे जुनी गोष्ट नाही बरं का! जवळच्या लास्कारची राख १९९३ साली पार ब्यूनोस आयर्सपर्यंत गेली होती.

मला विचाराल तर खरी श्रीमंती हेरेच्या घळीत आहे. वर रखरखीत माळ, खाली उतरलं की अंजीर, डाळिंबं, द्राक्षं. एवढ्याशा ओढ्यावर सगळ्या बागा. ज्याची पाळी तो फावड्याने पाटाचं तोंड उघडतो, पाणी वाफ्यात वळवतो, आणि वेळ झाली की माती लोटून बंद करतो. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीची आठवण यावी असा कारभार. या भागातल्या लिकान अंताय या मूळ रहिवाशांच्या गावांत पाट साफ करणं हाच वर्षाचा मोठा सण असतो. गाळ काढायचा, पूजा करायची, गाणी म्हणायची. त्यांची कुन्सा भाषा रोजच्या बोलण्यातून गेली. सोकाइरेसारख्या गावात ती या गाण्यांपुरती उरली आहे.

समोरच्या मिठाच्या नैसर्गिक मैदानातून मात्र खारं पाणी उपसून उन्हात आटवतात, लिथियमसाठी. आपल्या फोनच्या बॅटरीत असतं ते. भूजलावरून गावांचा आणि कंपन्यांचा वाद चालूच आहे, आणि मला गावकऱ्यांची काळजी पटते.

बागेतल्या एका आजींनी विचारलं, "तुझ्या गावी पाऊस किती?" मी म्हटलं, माणदेश म्हणजे दुष्काळी भाग, वर्षाला जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर. उन्हाळ्यात टँकर येतात. इथे वर्षाकाठी पन्नासही पडत नाही. आजी फावड्यावर रेलून म्हणाल्या, "मग एवढं पाणी करता काय तुम्ही?"

उसाचं स्पॅनिशमध्ये कसं समजवायचं, या विचारात मी अंजीर तोंडात टाकलं.