पाटीवरचा पक्षी

दुपारी कुंड्यांना पाणी घालताना मातीत खोचलेल्या प्लास्टिकच्या पट्टीकडे लक्ष जाते. 'जिरॅनियम'. अक्षर सुबक, शाई उन्हाने विटलेली, आणि नाव चुकीचे.

ग्रीकमध्ये 'गेरानोस' म्हणजे क्रौंच. जिरॅनियमचे फूल झडले की मागे लांब, टोकदार बोंड उरते, ते थेट त्याच्या चोचीसारखे. कुंडीतले हे लालभडक मात्र पेलार्गोनियम, आणि 'पेलार्गोस' म्हणजे करकोचा. त्याच कुळात तिसरे एरोडियम आहे. 'एरोडिओस' म्हणजे बगळा. एकाच घरात तीन लांबचोचे! स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिघांनाही जिरॅनियममध्येच कोंबले होते. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए याने पेलार्गोनियम वेगळे काढले, पण तोवर माळ्यांच्या तोंडी पहिले नाव बसले ते बसलेच. ग्रीकांच्या पक्ष्यांची ही गर्दी पाहून हसू येते खरे, पण करकोचा म्हणजे नेमका कोण यावर आपले तरी कुठे एकमत आहे?

पारख अवघड नाही. जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या आणि दहाच्या दहा पुंकेसरांवर परागकोश. पेलार्गोनियममध्ये वरच्या दोन पाकळ्या एका घाटाच्या, खालच्या तीन दुसऱ्या. परागकोश सात किंवा त्याहून कमी. बागेतल्या संकरित जातींनी ही खूण बुजवून टाकली आहे, त्यांच्या पाकळ्या जवळपास सारख्याच दिसतात. अशा वेळी देठ पाहावा. फुलाच्या लगेच मागे देठ आडवा चिरला की आत बारीक पोकळ नळी दिसते. ती मधाची, देठालाच चिकटून खाली उतरते आणि जिथे संपते तिथे बाहेरून किंचित उंचवटा लागतो. जिरॅनियमच्या देठात अशी नळी नसते. बी तर आणखी बोलके. जिरॅनियम ते गोफणीसारखे भिरकावते, पेलार्गोनियमच्या बीला पिसासारखी शेपटी असते म्हणून ते वाऱ्यावर जाते, आणि एरोडियमची शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पिळते, असे करत बी स्क्रूसारखे जमिनीत शिरते.

पाटी चुकली तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. हिम पडणाऱ्या मुलखात बिघडते. तिथले जिरॅनियम हिवाळ्यात जमिनीलगत वाळून वसंतात पुन्हा फुटते. पेलार्गोनियम बहुतेक दक्षिण आफ्रिकेतले, पहिल्याच कडाक्याच्या हिमात काळे पडते. पुस्तकातला सल्ला एकाचा आणि कुंडीत दुसराच.

या नावांतल्या लॅटिनचा बाऊ वाटतो तो शब्दांच्या शेपट्यांमुळे, आणि नेमकी तीच गोष्ट मराठी माणसाला उपजत येते. पांढरा, पांढरी, पांढरे: आल्बस, आल्बा, आल्बम. तीन लिंगे, विशेषण नामामागे फरफटत जाणारे. 'पेरलेला' या अर्थाचे विशेषण घ्या. काकडी कुकुमिस सॅटायव्हस, भात ओरायझा सॅटायव्हा, लसूण ॲलियम सॅटायव्हम. आपल्याकडे काकडी 'ती' आणि भात 'तो', त्यांच्याकडे नेमके उलट. पण कारभार तोच. खोड एकच ठिकाणी आहे: रोमनांना वृक्ष बायकी वाटत. म्हणून तुतीच्या 'मोरस'चा शेवट पुरुषी असूनही ती मोरस आल्बा, आणि पिंपळ फायकस रिलिजिओसस नव्हे, रिलिजिओसा. वडावरून हे कळत नाही, कारण त्याच्या नावातले बेंगालेन्सिस दोन्ही लिंगांना चालते. ज्याने पाटीवर 'मोरस आल्बस' लिहिले त्याने शेवट पाहिला, झाड पाहिले नाही.

मला खरी चीड येते ती 'फिला' आणि 'फिलम'च्या गल्लतीची. 'फिलोस' म्हणजे प्रिय, 'फिलॉन' म्हणजे पान. जिप्सोफिला म्हणजे खडूवर प्रेम करणारी, आणि कॅलोफिलम, म्हणजे आपली उंडी, म्हणजे सुंदर पानांची. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, मग जिप्सोफिलाचे 'खडूची पाने' असे भाषांतर होते. रोमन लिपीत पाहावे: वाय आणि पुढे दोन एल असले तर पान, आय आणि एकच एल असला तर प्रेम. आणि हे प्रेम कामाचे आहे. जिप्सोफिला आम्ल मातीत लावून ती वाढत का नाही म्हणून डोके धरू नये. तिने आपली आवड नावातच सांगून ठेवली आहे.

अर्थात नावावर विश्वास ठेवायचा तोही बेतानेच. सिला पेरुव्हियाना भूमध्य समुद्राकाठची, पेरूशी तिचा काही संबंध नाही. होहोबाचे नाव सिमंडसिया चायनेन्सिस आणि झाड कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटातले. नमुन्याच्या चिठ्ठीवरचे 'कॅलिफ' कोणी 'चायना' वाचले, असे सांगतात. चूक कळली, पण दुरुस्ती नाही. नाव वस्तुस्थितीशी जुळत नाही एवढ्याच कारणाने ते रद्द करता येत नाही, असा नियमच आहे. आणि खरे तर तेच बरे. एकदा दुरुस्तीला सुरुवात केली तर पाट्या लिहिणारे हात थांबायचे नाहीत.

पट्टी पुसून पुन्हा लिहावी म्हणून उपसली, तर तिच्या बुडाशी केना. कॉमेलिना बेंगालेन्सिस. हे नाव ग्रीकही नाही आणि लॅटिनही नाही; कॉमेलिन या डच आडनावाला लॅटिन शेपूट लावलेले. यान कॉमेलिन आणि त्याचा पुतण्या कास्पर, दोघेही नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. केन्याच्या फुलाला पाकळ्या तीन: दोन निळ्या, ठसठशीत, तिसरी खाली, फिकट, शोधावी लागते. लिनियसने १७३७ मध्ये कारण लिहून ठेवले आहे. कॉमेलिन तिघे होते, आणि तिसरा वनस्पतिशास्त्रात काही करून दाखवण्याआधीच गेला.

केना उपटला तरी जातो थोडाच. जमिनीखाली त्याला न उमलणारी फुले येतात आणि तीही बी धरतात. वरची निळी फुले दुपार होईतो मिटून जातात. तिसरी पाकळी पाहायची तर सकाळीच.