शेवटच्या तीन आउटसाठी कूपरस्टाउनला

न्यूजर्सीहून पहाटे साडेपाचला निघालो. बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर दशम्यांचा डबा. ते मूळचे हर्णैचे. आजोबांची होडी होती आणि बाबांचं लहानपण जाळी वाळवण्यात, शिवण्यात गेलं. बेसबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण कुठल्या माणसासाठी एवढ्या लांब निघालोय हे सांगितल्यावर म्हणाले, "कोळ्याचा पोर ना? मग चल, मीही येतो."

तो कोळ्याचा पोर म्हणजे मारियानो रिव्हेरा. पनामामधल्या पुएर्तो काइमितो या मासेमारीच्या गावात वाढलेला. दुधाच्या पुठ्ठ्याचे खोके कापून ग्लोव्ह, झाडाच्या फांदीची बॅट आणि जुन्या जाळ्याच्या तुकड्यांवर चिकटपट्टी गुंडाळून केलेला चेंडू, असा त्यांचा खेळ चाले. शाळा सोडून तो वडिलांच्या बोटीवर लागला. एकोणीस वर्षांचा असताना त्याच्यासकट ती बोट बुडायला लागली आणि सगळ्यांना उड्या टाकाव्या लागल्या. मासेमारीवरचं त्याचं मन तेव्हाच उडालं. खेळायचा तो शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी. एका सामन्यात संघाच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, धुलाई होत होती, तेव्हा "मी टाकतो" म्हणून पुढे झाला. १९९०मध्ये न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने त्याला करारबद्ध केलं, तेव्हा त्याला इंग्रजीचा गंध नव्हता.

किंग्स्टनला मोठा हायवे सोडून २८ नंबरचा रस्ता धरला. कॅट्सकिलच्या डोंगरांत ऑक्टोबरचे रंग पेटलेले. बाबा बराच वेळ गप्प बसून बघत होते. वनिओंटा मागे पडलं तसं मी त्यांना खेळ समजावायला घेतला. नऊ इनिंग असतात. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग टाकून दमतो. मग मैदानाच्या कडेला, बुलपेन म्हणतात त्या आडोशात बसलेल्या बाकीच्या पिचरांपैकी एकाला फोन येतो आणि तो हात गरम करायला लागतो. कधी पंचवीस-तीस चेंडू टाकून झाल्यावर निरोप येतो, आज तुझी गरज नाही, बस खाली. त्या चेंडूंची नोंद कुठल्याच आकड्यात होत नाही, खांद्यात मात्र होते. आणि शेवटच्या इनिंगला, आघाडी जेमतेम एक-दोन-तीन रनांची असताना जो येतो तो क्लोजर. तीन आउट काढायचे आणि सामना राखायचा. राखला की त्याच्या नावावर एक 'सेव्ह'. हा आकडा अधिकृतपणे धरायला लागले तेच मुळी १९६९मध्ये, योगायोगाने रिव्हेराच्या जन्माच्या वर्षी.

"म्हणजे शेवटची ओव्हर टाकणारा," बाबा म्हणाले. अगदी तेच. फक्त वर्षाला १६२ सामने, आणि काल मार खाल्लेला माणूस आज रात्री पुन्हा उभा.

कूपरस्टाउन हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. ऑट्सेगो तळ्याच्या काठावर एक मुख्य रस्ता, दोन्हीकडे टोप्या आणि बॅटींची दुकानं. बेसबॉल इथेच जन्मला अशी एक दंतकथा होती, ती पुढे खोटी ठरली. पण १९३९मध्ये इथे थोर खेळाडूंचा मान राखणारं संग्रहालय, हॉल ऑफ फेम, उघडलं, आणि या खेळाचं माहेर म्हणून गावाचं नाव लागलं ते लागलंच.

आत ब्राँझच्या पाट्यांचं दालन आहे. लाकडी भिंती, वरून येणारा उजेड, आणि लोक आपोआप हळू आवाजात बोलतात. देवळाच्या गाभाऱ्याशी आल्यावर होतं तसं. पाट्या ज्या त्या वर्षाच्या क्रमाने. २०१९च्या कोनाड्यात रिव्हेरा सापडला. मतदान करणाऱ्या ४२५ पत्रकारांपैकी ४२५ जणांनी त्याला मत दिलं. बेब रूथलाही सगळी मतं मिळाली नव्हती. एकमताने निवडून आलेला हा इतिहासातला पहिला खेळाडू, आणि तोसुद्धा बुलपेनमधून येणारा. मुख्यतः रिलीफ पिचर, म्हणजे सामना सुरू झाल्यावर बदली येणारा, असलेल्याला या भिंतीवर जागा मिळायला १९८५ साल उजाडलं होतं, हॉयट विल्हेल्मच्या रूपाने.

६५२ सेव्ह. पाच अजिंक्यपदं. ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांमध्ये दर नऊ इनिंगमागे सरासरी फक्त ०.७० रन दिले. हे सगळं जवळजवळ एकाच चेंडूवर. १९९७च्या जूनमध्ये डेट्रॉइटला, सामन्याआधी रामिरो मेंडोझाबरोबर नुसती फेकाफेकी करताना त्याचा सरळ चेंडू अचानक शेवटच्या क्षणी वळायला लागला. त्याने तो सरळ करायचा प्रयत्न केला, जमेना. मग आहे तसा ठेवला. तोच तो कटर. डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीत घुसायचा आणि बॅट मोडायचा. २०१३च्या निरोपाच्या दौऱ्यात मिनेसोटाच्या संघाने त्याला मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची भेट दिली, ती याच मानासाठी.

पण मला तो कळला तो हरल्या रात्री. नोव्हेंबर २००१. मला अमेरिकेत येऊन वर्ष झालं होतं, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानं न्यूयॉर्क शहर अजून सुन्न होतं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना, ॲरिझोनात. यांकीज २-१ने पुढे. आठव्या इनिंगला रिव्हेरा आला आणि तिघांना उडवलं. नववीत एक हिट बसली, मग त्याच्याच हातून फेक चुकली, मग बरोबरी. शेवटी लुईस गॉन्झालेझ. कटर बरोबर पडला, बॅटही मोडली, आणि तो मेलेला चेंडू आत सरकलेल्या शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून मऊ गवतात पडला. सामना गेला. चेंडूत खोट नव्हती, तरीही गेला.

पुढची गोष्ट मी बाबांना पाटीसमोरच सांगितली. यांकीज जिंकले असते तर विजयाच्या मिरवणुकीसाठी त्याचा सहकारी एन्रिके विल्सन न्यूयॉर्कला थांबणार होता आणि १२ नोव्हेंबरच्या विमानाने घरी जाणार होता. हरल्यामुळे तो आधीच गेला. ते विमान क्वीन्समध्ये कोसळलं. रिव्हेराने नंतर बोलून दाखवलं की आपण हरलो ते बरं झालं, मित्र तरी वाचला.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "आणि पुढच्या वर्षी आला टाकायला?"

"आला. पुढची बारा वर्षं टाकत होता. २०१२मध्ये सरावात चेंडू झेलताना गुडघा फाटला, वय बेचाळीस, पाठीवरचा नंबरही बेचाळीस. लोकांना वाटलं संपलं. पुढच्या वर्षी परत आला."

"जाळं रिकामं आलं म्हणून दुसऱ्या दिवशी होडी कोण ओढून ठेवतं?" बाबा म्हणाले आणि पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

बाहेर पडल्यावर तळ्याकाठी दशम्या खाल्ल्या. सस्क्वेहाना नदी इथूनच निघते, ओढ्याएवढी. बाबांना तिच्या प्रवाहापेक्षा बांधलेल्या होड्यांच्या गाठींत रस. मुख्य रस्त्यावरच्या दुकानातून मी त्यांना एक चेंडू घेऊन दिला.

परतीच्या वाटेवर अंधार पडेपर्यंत तो त्यांच्या हातात होता. टाक्यांवर दोन बोटं, मधलं बोट किंचित जास्त दाबून, मी दाखवलं होतं तसं. किंग्स्टनच्या अलीकडे मला वाटलं ते झोपले. पाहिलं तर मनगट हळूच वळत होतं, एकदा, पुन्हा एकदा.