गोव्यातल्या प्रियोळच्या घरातलं स्वयंपाकघर नवं करताना: माझा अनुभव

जुनं कौलारू घर, चिऱ्याच्या भिंती, आणि स्वयंपाकघराची जमीन उखडलेली, त्यामुळे काम काढायचंच होतं. बऱ्याच मैत्रिणी विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी शोरूममध्ये गेलो. त्यांनी थ्रीडी करून दिलं, दिसायला एकदम छान, मधोमध आयलंड, भिंतभर कपाटं. आईंनी (माझ्या सासूबाई) मोबाईलवर ते बघितलं आणि एवढंच विचारलं, "आनी चवथीक आमी बसपाचें खंय गो?" (म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, आपण बसायचं कुठे?) आणि खरंच, त्या चित्रात जमिनीवर बसायला जागाच नव्हती. शोरूमवाल्याला सांगितलं तर म्हणे आता कोण खाली बसतं मॅडम. आमच्याकडे बसतात. आई रोज खिडकीखाली आदोळीवर (खोवणी असलेल्या विळीवर) एक पाय दुमडून बसतात, नारळाची कवड दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरवत खोवतात, खोबरं समोरच्या ताटात पडत राहतं, आणि कडेचं काळं साल यायला लागलं की हात आपोआप थांबतो. ओट्यापाशी उभं राहून हे होत नाही, जोर लागत नाही.

मग मी थोडं वाचलं. हे ओटा-कपाटं जोडून केलेलं किचन ज्याच्यावरून आलं ते १९२६ चं फ्रँकफुर्ट किचन. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी केलेलं, साधारण १.९ बाय ३.४ मीटर, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर नजरेसमोर ठेवून, बाईची पावलं वाचावीत म्हणून. काम फार विचारपूर्वक केलेलं, मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. पण ते एकट्या बाईसाठी आहे! आमच्याकडे चवथीला एक जण खतखत्याची भाजी चिरतेय, एक हळदीच्या पानांवर पातोळ्या थापतेय, एक नेवऱ्या (करंज्या) भरतेय, एक तळतेय, आणि मुलं मधून पळतायत. हे त्या मापात बसणार कसं.

शोरूमला नाही म्हटलं आणि गावातल्याच मेस्ताला, म्हणजे मिस्त्रीला, बोलावलं. त्याने सगळ्यात आधी आईंना उभं करून कोपरापर्यंत माप घेतलं, तिथेच माझा जीव भांड्यात पडला. चिरायचा ओटा ३३ इंच. गॅसच्या शेगडीखालचा भाग मुद्दाम २८, कारण शेगडी आणि वर टोप आला की उंची वाढते आणि हुमण (माशाची आमटी) ढवळताना खांदा भरून येतो. मिक्सरपण त्याच खालच्या ओट्यावर, झाकण दाबायला बरं पडतं. खिडकीखालची जमीन पूर्ण मोकळी सोडली.

मटेरियलवर मात्र कंजूषी करू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पार्टिकल बोर्ड पाण्याला लागला की फुगतो. आम्ही खाली ग्रॅनाइटच्या उभ्या फळ्यांचे कप्पे केले आणि फक्त दरवाजे मरीन प्लायचे. एक कप्पा उंच ठेवला पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवणीच्या) बरण्यांसाठी, कोकमाची सोलं, चिंच, खारातले आंबे, या बरण्या रेडिमेड ड्रॉवरमध्ये मावतच नाहीत. सिलिंडरजवळ जमिनीलगत जाळी ठेवायला सांगितली, एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, वरचा एक्झॉस्ट त्याला पुरत नाही. ही गोष्ट आम्हाला कोणी आपणहून सांगितली नव्हती.

चूल ठेवायची की काढायची यावर घरात बरेच वाद झाले. नवऱ्याला नको होती, धूर नको म्हणून. शेवटी मागच्या पडवीत नेली, तिथे आंघोळीच्या पाण्याचं भाण (मोठं भांडं) आणि उकड्या तांदळाची पेज दोन्ही होतं, नारळाची सोडणं-करवंट्यापण तिथेच सुकतात. मासे साफ करायची मोरीही तिथेच काढली, वास आत येत नाही.

खर्च म्हणाल तर शोरूमच्या कोटेशनपेक्षा बराच कमी आला, पण वेळ जास्त गेला, ग्रॅनाइटवाला तारखा देत राहिला आणि मेस्त शिगम्यात (होळीच्या सणात) गायब. चवथीच्या आधी आटपलं मात्र. आई आणि दोन्ही जावा खिडकीखाली बसल्या, मी आणि नणंद ओट्याशी, आणि कोणाला कोणाचा धक्का लागला नाही. आता फक्त वरच्या फळीला हात पुरत नाही अशी आईंची तक्रार आहे, ती पावसानंतर खाली घेणार.