ठोका पडला पण नाडीच लागली नाही

हृदयाचे ठोके टिपणाऱ्या आमच्या प्रोटोटाइपमधे ईसीजीला (हृदयातल्या विजेचा आलेख) एडी ८२३२ चिप, बोटाच्या नाडीला मॅक्स ३०१०२, हालचालीला एमपीयू ६०५० आणि हे सगळं गोळा करायला ईएसपी ३२ आहे. एवढे सेन्सर कशाला असं बरेच जण विचारतात. चालताना बोटाचा सेन्सर हृदय सोडून पावलंच मोजायला लागतो, आणि घामाने इलेक्ट्रोड (छातीवर चिकटवायची चकती) सुटला की ईसीजीत वाट्टेल ते उमटतं, म्हणून एकावर भागत नाही.

त्या दिवशी लॅबचे मामा स्वतःच म्हणाले, "मला लावा की ताई." इलेक्ट्रोड चिकटवले, लॅपटॉपचा चार्जर काढला (माणसाला वायरी लावल्या की सगळं बॅटरीवरच, शिवाय घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पण कमी होते), मामा निवांत बसले. ट्रेस इतका छान येत होता, टोकदार आर (ईसीजीतलं प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) आणि मागोमाग पाव सेकंदाच्या आसपास बोटाच्या नाडीची लाट, आणि मधेच एक ठोका वेळेआधी पडला, रुंद, वेगळ्याच आकाराचा, आणि त्याच्या खाली बोटाची लाट जवळजवळ नाहीच! मग लांबसा थांबा, आणि पुढची लाट नेहमीपेक्षा मोठी. मैत्रीण म्हणाली वायर हलली असेल. पण हालचालीची रेघ सपाट होती, इलेक्ट्रोड सुटल्याचा सिग्नल पण नाही, आणि जरा वेळाने परत तेच.

हृदयाचा खालचा कप्पा रक्ताने नीट भरायच्या आतच आवळला की बाहेर रक्त कमी पडतं आणि नाडी बोटापर्यंत धड पोचतच नाही. नुसती नाडी मोजली असती तर तो ठोका मोजलाच गेला नसता.

"मामा, छातीत कधी धस्स होतं का?"

"व्हतं की, रात्री आडवं झाल्यावर. चहा जास्त झाला असंल."

निदान करायचा अधिकार आपला नाही आणि माणसाला घाबरवायचं पण नव्हतं, म्हणून एवढंच सांगितलं की दवाखान्यात नीट बारा लीडचा (हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा) ईसीजी काढून घ्या, मी येते सोबत. डॉक्टरांनी काढला, त्यात पण तसे ठोके दिसले, म्हणाले बऱ्याच धडधाकट लोकांना पण असतात, तरी चोवीस तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेऊ. मामा तयार झाले याचं मला फार बरं वाटलं.

परत आल्यावर आधी फिल्टरचा कोड उघडला. वेळेआधीचे ठोके सरसकट गोंगाट म्हणून गाळायचे नाहीत, हालचालीची रेघ शांत असेल तर ठेवायचे आणि वेगळ्या रंगात दाखवायचे, असं आता ठरलंय.